जर्मनचे पैसे

आमच्या घरात ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम कोणी म्हणत नसे. जर्मन म्हणत. जर्मनचा डबा, जर्मनची परात, जर्मनचा गंज. आणि गंज म्हणजे पातेलं. पुस्तकातल्या मराठीत गंज लोखंडाला चढतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. बाईंनी ‘खिळ्याला गंज चढला’ असं फळ्यावर लिहिलं तेव्हा आमचा निम्मा वर्ग खिळ्यावर पातेलं कसं चढेल याच्या विचारात पडला होता. पुढं मी पुस्तकातली मराठी लिहायला शिकले, बोलायलाही शिकले, पण तो शब्द आला की मला अजून दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. त्याचं कारण सांगते.

आम्ही देवळीला राहायचो. दोन खोल्या, मागं आंगण, आंगणात न्हाणी. बाबा एका धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजून ते घरी यायचे आणि चपला काढायच्या आधी मायला सकाळी दिलेल्या नोटेचा हिशेब विचारायचे. माय उरलेली चिल्लर फळीवर काढून ठेवायची. बाबा त्यातले चाराणे-आठाणे उचलायचे, खिशात टाकायचे आणि बाकीची बोटानं बाजूला सारायचे. पाच पैसे, दहा पैसे, दोन पैसे, कधी तो सहा कोपऱ्यांचा तीन पैशाचा तुकडा. हे काय, फुंकलं तर उडते, असं म्हणायचे. ती सारलेली चिल्लर मायची. तसं ठरलेलं काही नव्हतं, पण बाबांनी ती कधी मागितली नाही आणि मायनं ती कधी परत दिली नाही.

बाबा वाईट माणूस नव्हते. दारू प्यायले असते तर त्यांच्यावर रागवायला सोपं गेलं असतं. ते फक्त थकलेले आणि घट्ट होते. घरात पैसा दिसला की तो त्यांना स्वतःचाच वाटायचा. तुरीच्या डाळीच्या डब्यात मायनं एकदा सात-आठ रुपये जमवले होते, ते गेले. देवाच्या तसबिरीमागं ठेवले, तेही गेले. चोरी केली असं बाबांच्या मनातही आलं नसणार. लागले, घेतले.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ज्या उन्हाळ्यानंतर ही गोष्ट सुरू होते त्या उन्हाळ्यात ती दहावीला बसली होती. निकाल लागला तेव्हा गणित आणि इंग्रजीत गेली. त्या काळी आमच्या गल्लीत दहावीत नापास होणं ही फार मोठी बातमी नव्हती, पुष्कळांच्या घरी ती आधीच येऊन गेली होती. मुलगा असेल तर त्याला ऑक्टोबरला बसवत. मुलगी असेल तर स्थळं बघायला सुरुवात करत. बाबांनी सुरुवात केली.

ताईला वर्ध्याला नर्सिंग शिकायचं होतं. दवाखान्यातल्या एका सिस्टरबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की दहावी तेवढी काढ, पुढचं मी बघते. ताईनं ते वाक्य इतक्या वेळा मला ऐकवलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. मायनं बाबांजवळ धरणं धरलं. ती भांडत नसे, दोन-चार दिवस गप्प राहायची आणि भाकरी वाढताना ताटाकडे बघायची नाही. शेवटी बाबांनी अट घातली. पोरीनं पुन्हा परीक्षेला बसावं, मी तोवर लग्नाचं थांबतो, पण फीचा एक पैसा माझ्याकडून मिळणार नाही.

फी चाळीसच्या घरात होती. आज हा आकडा लिहिताना मला लाज वाटते. चाळीस रुपयांना आता काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेव्हाही ते काही आभाळाएवढे नव्हते. पण मायकडे दिवसाला दहा-पंधरा पैसे यायचे, आणि तेही बाबांच्या बोटानं सारले तर.

ठेवायचे कुठं हा प्रश्न मायनं एका दिवसात सोडवला. चुलीजवळ मिठाची बरणी होती, चिनी मातीची, रुंद तोंडाची, अर्धी पिवळी. घरातला पुरुष भाजीचं झाकण उघडेल, डाळीत हात घालेल, पण मिठाच्या बरणीत हात घालणार नाही. बाबांना तर वरून मीठ लागायचंच नाही. शिवाय मायला तिच्या माहेरचं आठवत होतं. तिच्या मायनं चांदीचे बंदे रुपये मिठात पुरून ठेवले होते, आणि हिच्या लग्नात ते काढले तेव्हा जसेच्या तसे निघाले होते. मिठात कैरी टिकते, लिंबू टिकतं, वर्षानुवर्षं टिकतं. मिठात ठेवलेलं नासत नाही, असं ती आम्हाला सांगायची, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो भरवसा असायचा तो मी तिच्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिला नाही.

बाबांनी सारलेली चिल्लर ती पदराला बांधायची, ते घराबाहेर पडले की गाठ सोडून नाणी बरणीत टाकायची आणि हातानं खड्यांच्या खाली, तळापर्यंत दाबायची. वरचं मीठ रोजच्या वापराला घ्यायचं. संपत आलं की नवं आणून वर ओतायचं. तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही.

आणि मोजायचं नाही. हा तिचा दुसरा नियम. खळ्यात रास भरताना जशी कोणी पोती मोजत नाही तसं जमणाऱ्या पैशाला बोट लावायचं नाही, बरकत जाते. त्यामुळं मोजण्याचं काम ताईकडं आलं. तिनं बरणीला हात लावला नाही. माय टाकताना दाखवायची आणि ताई ओठ किंचित हलवत मनातल्या मनात मिळवायची. कागदावर लिहिलं तर बाबांच्या नजरेस पडेल म्हणून लिहिणंही नाही. गणितात नापास झालेली माझी बहीण सव्वा वर्षभर एक बेरीज डोक्यात घेऊन फिरत होती. धुणं धुताना, जात्यावर, शेंगा फोडताना. मी मधेच विचारायची, किती झाले वो? ती लगेच सांगायची, पैशापर्यंत. कधी अडखळली नाही. हे मी त्या गणिताच्या मास्तरांना सांगायला पाहिजे होतं.

दिवाळीनंतर मार्चच्या परीक्षेचे फॉर्म निघाले, पण तेव्हा बेरीज निम्म्यावरही नव्हती. माय म्हणाली, येत्या ऑक्टोबरला बसजो. बाबा म्हणाले, ठीक आहे, पण ते शेवटचं. तोवर एक स्थळ सांगून आलं होतं. हिंगणघाटाकडचं, मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, हुंडा मागत नव्हते. असं स्थळ कोणासाठी थांबत नाही, तरी बाबांनी त्यांना पावसाळ्यानंतर बोलू असं सांगून थोपवलं. म्हणजे सगळं आता त्या फॉर्मवर होतं. फॉर्म भरला तर ताई वर्ध्याला, नाही भरला तर हिंगणघाटाकडं.

मधली एक गोष्ट सांगायची राहिली. फॉर्मच्या आधीच्या उन्हाळ्यात मायनं कैऱ्या चिरून मीठ लावून ठेवायला मला सांगितलं होतं. मी हाताला लागला तो जर्मनचा गंज घेतला, त्यात कैऱ्या ठेवल्या आणि विसरले. दोन दिवसांनी काढल्या तर गंजाच्या बुडाला काळपट डाग आणि बारीक बारीक खड्डे. मायनं मला पाठीत एक धपाटा घातला. जर्मनले मीठ चालत नाई, एवढं तुले कळत नाई का, म्हणाली. तो गंज मग तिनं न्हाणीत टाकून दिला, पाणी उपसायला. हे तिला ठाऊक होतं. मला, ताईला, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. जर्मनच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, चिंच ठेवायची नाही, लोणचं तर नाहीच. जेवायला बसलेली सहा वर्षांची पोरगीसुद्धा हे सांगू शकली असती.

पावसाळा लागला तसं मीठ पाझरायला लागलं. आमच्याकडे आषाढ-श्रावणात जाड्या मिठाला असं पाणी सुटतं की चमच्यानं घ्यावं लागतं. त्याच दिवसांत बाबा एकदा जेवता जेवता थांबले. भाजी कसवट काऊन लागून राह्यली, त्यांनी विचारलं. माय म्हणाली, मीठ खराब दिलं असेल दुकानदारानं. मलाही वरण तसं लागत होतं, जिभेला जरासं आवळल्यासारखं. आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं. चार-सहा दिवस बाबांनी कुरकुर केली आणि मग त्यांनाही सवय झाली.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी बाबा दुकानावर गेल्यावर मायनं देवाजवळ दिवा लावला. आम्हाला दोघींना बसवलं. जुनं धोतर पसरलं आणि बरणी दोन्ही हातांनी धरून आडवी केली. आधी ओलं मीठ आलं. मग काही येईना. मायनं हात घातला आणि मूठभर काढलं. ते मीठही नव्हतं आणि पैसेही नव्हते. करड्या-पांढऱ्या रंगाचा चिखल होता, भिजवलेल्या चुन्यासारखा, आणि त्यात कडा खाल्लेले, भोकं पडलेले चपटे तुकडे.

माय काढत राहिली. पाच पैशांचे चौकोन होते त्यांचे कोपरे गेले होते. दहा पैशांच्या कडेच्या पाकळ्या गेल्या होत्या. एक पैसा, दोन पैसे यांचं तर नावही उरलं नव्हतं, दोन बोटांत धरलं की मोडायचं. कितीतरी नाणी एकमेकांना चिकटून ढेपळं झाली होती. खाली खाली तर नुसता चिखल. दहा पैशांची जुनी, जड, पितळी तीन-चार नाणी तेवढी काळीहिरवी होऊन, पण अख्खी निघाली. मला वाटलं, बाकीचे पैसे धुतले की साफ होतील. मी न्हाणीतल्या त्या गंजात पाणी आणलं आणि तो धोतराशेजारी ठेवला.

मायचा हात पाण्यात गेला आणि तिथंच राहिला. ती गंजाच्या बुडाकडे बघत होती. कैऱ्यांनी पाडलेले ते खड्डे पाण्याखाली दिसत होते, आणि तिच्या हातातल्या नाण्यावर अगदी तसेच खड्डे होते.

ताई हळू आवाजात बोलली, “माय, हे जर्मनच होय ना वो.”

पैशाला धातू असतो हे आमच्या कोणाच्या मनातच आलं नव्हतं. भांडं जर्मनचं असतं, डबा जर्मनचा असतो. पैसा हा पैसा असतो. तिच्या मायचा पैसा चांदीचा होता म्हणून मिठानं त्याला सोडलं, आणि हिच्या वाट्याला आलेला पैसा बाबांच्या फुंकरीनं उडणारा होता. सरकारनं कधी बदलला ते आम्हाला कोणी येऊन सांगितलं नव्हतं.

मी मात्र रडायला लागले, आणि माझ्या रडण्यात एक भयंकर गोष्ट मला सुचली ती मी बोलून टाकली. म्हणाले, आपण खाल्ले ते. भाजीतून खाल्ले. मायनं माझ्याकडं पाहिलं. ती बाई त्या क्षणी इतकी म्हातारी दिसली की माझं रडणंच थांबलं.

मग तिनं जे करता येईल ते सगळं केलं. बऱ्यापैकी दिसणारी नाणी राखेनं घासली, पदरात बांधली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली. दुकानदारानं दोन-चार उलटीसुलटी करून परत सारली. मावशी, हे मी कोणाले देऊ, म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. शेजारच्या काकूंनी पाच रुपये दिले, तेवढेच त्यांच्याकडे होते. पलीकडच्या बाईंनी नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. माय ज्या ज्या घरी गेली तिथल्या बायकांची चिल्लरही कुठंतरी डाळीत, उशीत, तसबिरीमागं होती, आणि ती काढून देणं म्हणजे ती आहे हे सांगणं होतं. दुपारपर्यंत दहा-बारा रुपये जमले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कारकुनानं सांगितलं की पूर्ण पैसे आणा, किंवा पुढच्या आठवड्यात लेट फी भरून दुप्पट आणा.

त्या संध्याकाळी मायनं बाबांकडे पैसे मागितले. माझ्या आठवणीत तिनं त्यांना उघड काही मागितल्याची ती एकच वेळ. बरणी, नाणी, सगळं सांगितलं. बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मायला निदान गप्प बसून लढता आलं असतं.

“मी थांबतो म्हटलं होतं, फॉर्म भरला तर,” ते म्हणाले. “भरला का?”

“अजी, जमवले होते ना आम्ही.”

“हो, पण भरला का?”

माय उठून चुलीकडं गेली. ती काकूंचे पाच रुपये दुसऱ्या दिवशी परत करून आली. नाणी काढली त्याच दिवशी तिनं ती बरणी धुऊन उन्हात पालथी ठेवली होती, आणि मीठ मग एका प्लास्टिकच्या डब्यात गेलं.

ताई त्या रात्री माझ्याशेजारी निजली होती. तिला रडताना मी ऐकलं नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. लग्नात ती कोणाशी वाईट वागली नाही, तिनं उखाणासुद्धा घेतला. मला तिचा त्या दिवशी फार राग आला होता. वाटत होतं, हिनं मांडवात बसून ओरडावं, ताट फेकावं, काहीतरी करावं. आता समजतं की तिच्याकडं फेकायला काही उरलंच नव्हतं.

मी दहावी काठावर, पण पहिल्या झटक्यात काढली. माझी फी बाबांनी मुकाट्यानं भरली. त्यांना ताईचं काही वाटलं होतं की नव्हतं ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढं मला वर्ध्याला एका कचेरीत टायपिंगचं काम लागलं, गावाला लागूनच सिंदी मेघेला एक खोली भाड्यानं घेतली. जी गाडी ताईची होती तिच्यात मी बसले होते, हे मला रोज सकाळी कुलूप लावताना आठवायचं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ताईकडं गेले. तोवर तिला दोन मुली होत्या. घर वाईट नव्हतं, नवराही मारहाण करणारा नव्हता. आमच्या बाबांसारखाच होता. संध्याकाळी आला, उंबऱ्यातच उभं राहून दिवसाचा हिशेब घेतला, चिल्लर उचलली. फरक इतकाच की हे गृहस्थ पाच-दहा पैसेही सोडत नव्हते. ताईनं रिकामी फळी ओल्या फडक्यानं पुसली आणि भाकरी थापायला बसली. थापता थापता तिचे ओठ किंचित हलत होते. ते ओठ मी सव्वा वर्ष पाहिले होते. मी ओळखलं.

भाऊजी बाहेर ओसरीवर मुलींशी बोलत होते. मी जवळ सरकले आणि विचारलं, “ताई, तू अजून मोजून राह्यली का?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं. मग मला समजावून सांगितलं, अगदी साध्या आवाजात, जसं कोणी लोणच्याचं प्रमाण सांगेल. भाजीवाला पाच पैसे सोडतो तेव्हा ती ते मनात टाकते. एखाद्या दिवशी तेल कमी लागलं तर त्याचे वाचलेले टाकते. खरे पैसे ते घेऊन जातात, त्यांना घेऊ देते. बेरीज मात्र चालू आहे. लग्नाच्या आधीची जी होती, बरणीतली, तिथूनच पुढं.

“तिथं मीठ लागत नाई,” ती म्हणाली.

मी विचारलं, किती झाले वो? तिनं आकडा सांगितला, पैशापर्यंत, न अडखळता. तेवढ्यात दहावीचे कितीतरी फॉर्म भरले गेले असते, नर्सिंगचं पहिलं वर्षही झालं असतं. मी पर्स उघडली. महिना नुकताच सुरू झाला होता, माझ्याकडं नोटा होत्या. तिनं पिठाच्या हातानंच माझा हात धरला आणि पर्स मिटवली.

“राहू दे. तुह्ये पैसे दिसतेत. ते घेऊन जातीन.”

बाहेरून भाऊजींनी जेवायला किती वेळ आहे म्हणून विचारलं. ताईनं झालंच म्हणून सांगितलं, माझ्या पर्सवर लागलेलं पीठ पदरानं पुसलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.